बिगुलची गुरगुर

घरचा फोन वाजला आणि तिने उचलला, की पलीकडचं माणूस हमखास विचारायचं, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?" वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीही हेच. तरुणपणी ती चिडायची. पुढे तिने त्यातून करमणूक काढली. "थांबा हं, बघते," म्हणायची, रिसीव्हर टेबलावर ठेवायची, चहाचे दोन घोट आरामात घ्यायची आणि पुन्हा त्याच आवाजात म्हणायची, "हं, बोला." पलीकडचा माणूस गडबडून फोन ठेवून द्यायचा. सातव्या वर्षी गळ्यात जो आवाज होता, तो तिथेच मुक्काम ठोकून बसला होता. बाकीची बाई त्याच्याभोवती म्हातारी होत चालली होती.

त्या आवाजावर तिचं पोट होतं. सिनेमातल्या आणि टीव्हीवरच्या मुलांना ती आवाज द्यायची. स्टुडिओत सगळे तिला चिमणी म्हणत. पडद्यावरचं पोर हरवलं, तापाने फणफणलं, बापाच्या गळ्यात पडून रडलं, तर ते रडणं दहातल्या आठ वेळा चिमणीचं असे. ओठांवर नजर ठेवून नेमक्या क्षणी वाक्य सोडायचं काम लहान मुलांना सहसा जमत नाही. म्हणून गालिचे चिकटवलेल्या भिंतींच्या, पंखा बंद केलेल्या खोलीत एक पोक्त बाई चपला बाहेर काढून, चष्मा नाकावर घेऊन उभी राहायची, "आई, मला टाकून जाऊ नकोस ना" म्हणायची, आणि घरोघर माणसं डोळे पुसायची. तीस वर्षं हे चाललं होतं. तीस वर्षांत तिचं नाव एकदाही पडद्यावर आलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून तिचा कान इतका तयार झाला होता, की कोण खोटं बोलतंय, कोण नुकतं रडून आलंय, हे तिला पहिल्या "हॅलो"ला कळायचं. चिमणीच्या कामाचं मात्र तिने कधी तोंडभरून कौतुक केलं नाही. "बरं झालंय," एवढंच म्हणायची, आणि चिमणीला तेवढं "बरं" मिळवायला सगळं आठवडाभराचं काम खर्ची घालावं लागायचं.

तर त्या वर्षी एक नवी मालिका निघाली. आई नसलेली आठ वर्षांची मुलगी, तिचा इमानी कुत्रा बिगुल, आणि दोघांना सांभाळणारे प्रेमळ आजोबा. रोज संध्याकाळी सातला, सगळ्या घराने मिळून बघण्यासारखी. मालिकेतल्या मुलीचं नाव छोटी, आणि तिचं काम करणाऱ्या पोरीलाही सेटवर छोटीच म्हणत. तिचा 'र' नीट निघत नव्हता, म्हणून आवाजासाठी चिमणीला बोलावलं होतं. आजोबा झाले होते थोरले. एके काळचा हा नावाजलेला नायक आता पिकला होता, तरी त्याला सगळे थोरलेच म्हणत, आणि तो खोलीत आला की खुर्च्या आपोआप रिकाम्या होत.

चिमणीला हे काम हवंच होतं, आणि त्याला कारण होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी थोरल्यांचा जो पहिला मोठा सिनेमा गाजला, त्यात पहिली वीस मिनिटं नायकाचं लहानपण होतं. तो पोरगा घर सोडून जाताना उंबऱ्यात वळतो आणि म्हणतो, "मी परत येईन. दार लावू नका." हे वाक्य तेव्हा पोराटोरांच्या तोंडी झालं होतं. थोरले अजून कुठल्याही समारंभात गेले, की लोक त्यांना तेच वाक्य म्हणायला लावत, ते आपल्या भरदार आवाजात म्हणत आणि टाळ्या पडत. मूळ वाक्य चिमणीचं होतं. तिला वाटलं होतं, डबिंगला शेजारी उभं राहिल्यावर आपण सहज सांगू. ते हसतील, "अरे, तुम्हीच का त्या?" म्हणतील. एवढंच तिला हवं होतं. फार काही नव्हतं.

पहिल्या दिवशी दोघं शेजारशेजारच्या माइकसमोर उभी राहिली. काचेपलीकडे तरुण दिग्दर्शक, निर्मात्याची दोन माणसं आणि रेकॉर्डिस्ट. हा रेकॉर्डिस्ट म्हणजे कानसेन. चिमणीबरोबर एकोणीस वर्षं काम केलेला, तिचा श्वास कुठे तुटणार हे तिच्या आधी ओळखणारा. लाल दिवा लागला. पडद्यावर छोटीचे ओठ हलले आणि चिमणी म्हणाली, "आजोबा, बिगुल आपल्याकडेच राहील ना?"

हेडफोन काढून थोरले काचेकडे वळले. "हे मूल आहे, की म्हातारीने बोबडं बोलायचं सोंग आणलंय? अहो, मला उत्तरच सुचेना."

दिग्दर्शक काहीतरी पुटपुटला.

"छोटीचं छोटीलाच बोलू द्या. 'र' नाही आला तर नाही आला," थोरले म्हणाले. "आणि बाईंना रिकाम्या हाताने पाठवायचं नसेल, तर कुत्रा आहे की. भुंकायला वय आड येत नाही."

दिग्दर्शक हसला. निर्मात्याची माणसं हसली. कानसेन हसला. आणि, हे सांगताना मलाही संकोच वाटतो, पण चिमणीही हसली. आपल्या त्या सात वर्षांच्या आवाजात, चारचौघांत रुसलेलं दिसू नये म्हणून, खुदकन. मग तिने हेडफोन खुंटीला अडकवले, बाहेर येऊन चपला घातल्या आणि घरी गेली. तिने दारातून "आले गं" म्हटलं तेव्हाच ताईने वर पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण वाढवलं.

थोरल्यांचं बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं, पण रात्रभर तिला डसत राहिलं ते स्वतःचं हसू. त्या हसण्याचा वचपा काढल्याशिवाय आता तिला अन्न गोड लागणार नव्हतं. तिला त्या माणसाला त्याच खोलीत, त्याच चार माणसांसमोर, खाली मान घालून उभं राहिलेलं बघायचं होतं. सकाळी तिने दिग्दर्शकाला फोन केला. "कुत्र्याचं काम मी करते," म्हणाली. दिग्दर्शकाला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे.

काम हातात घेतलं की ते मुळापासून करायचं, ही तिची खोड होती. सेटवर बिगुल म्हणून दोन कुत्रे होते, एक बसायला आणि एक धावायला, आणि दोघंही दगडासारखे मुके. त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतं. म्हणून चिमणी गल्लीच्या टोकाला जोडे शिवणाऱ्याच्या दुकानासमोर आठ दिवस बसली. तिथे एक फाटक्या कानाचं तपकिरी कुत्रं असायचं. तिला कळलं, की भुंकणं हा कुत्र्याच्या बोलण्यातला सगळ्यात कमी भाग. खरं बोलणं श्वासात असतं. कुत्रं केविलवाणं होतं ते श्वास आत घेताना. राग येतो तो बाहेर सोडताना. गुरगुर गळ्यात नसतेच, ती छातीत असते. दात मिटून, ओठ सैल सोडून, जीभ मागे ओढून तिने घरी सराव केला आणि तोंडासमोर पत्र्याचा मग धरला, की त्या चिमण्या आवाजाला खोली येते हेही शोधून काढलं. शेजारच्या बाईने ताईला विचारलं, "तुम्ही कुत्रं पाळलंय का?" ताई म्हणाली, "हो, पण ते चावत नाही." तिथे मात्र ताईचा अंदाज चुकला.

अकराव्या भागात आजोबा कामावरून येतात, छोटीला बिस्किटाचा पुडा देतात आणि तिच्या केसांवरून हात फिरवतात. बिगुल टेबलाखाली बसलेला. त्याचं तोंड दिसत नाही, फक्त कान. कागदावर कुत्र्यासाठी काहीच लिहिलं नव्हतं. चिमणीने पत्र्याचा मग उचलला आणि अगदी हलकेच, दूरच्या खोलीत कुणी जड पेटी सरकवावी तसा, आवाज सोडला.

कानसेनने मान वर केली. "बाई, हे काय?"

"कुत्रं आहे. गुरगुरतं."

"आजोबांवर?"

"मी काय जाणे? कुत्र्याला विचारा."

कानसेन तिच्याकडे बघत राहिला. त्याला स्वतःचं त्या दिवशीचं हसणं आठवलं असावं, कारण त्याची नजर खाली गेली. त्याने तो आवाज ठेवला; नुसता ठेवला नाही, थोरल्यांच्या "बाळा" या शब्दाच्या बरोबर खाली सरकवून बसवला. रोजच्या मालिकेत दिग्दर्शकाला घाई इतकी, की तो संवाद ऐकायचा आणि पुढे पळायचा. थोरले आपली वाक्यं बोलून निघून जात. कुत्र्याचं काम नंतर व्हायचं. आणि स्वतःची मालिका बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यामुळे ज्याच्यावर हे चाललं होतं, त्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

चिमणीने स्वतःला दोन नियम घालून घेतले. आजोबा आले तरच गुरगुरायचं, आणि कुत्र्याचं तोंड दिसत नसेल तरच. हातचं राखून, डोळ्यात तेल घालून ती हे करत होती. पहिल्या पंधरा दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताई मालिका बघता बघता म्हणाली, "या म्हाताऱ्याचं काहीतरी काळंबेरं आहे." चिमणीने तोंडात पदर धरला. त्या आठवड्यात तिला जेवणाला चव आली.

यानंतर जे झालं, त्यात तिचा हात नव्हता. मधेच तिचा घसा बसला आणि ती आठ दिवस घरी राहिली. कानसेनने तिच्या जुन्या गुरगुरींतून एक चांगली काढून वेगळी ठेवली होती आणि सापडायला सोपी म्हणून तिला नाव दिलं होतं, 'आजोबा'. त्या आठवड्यात एका प्रसंगाच्या कागदावर लिहिलं होतं, 'छोटी, बिगुल, आजोबा', आणि पुढच्या ओळीत बारीक अक्षरांत 'भिंतीवर फोटो'. कानसेनने घाईत फक्त 'आजोबा' वाचलं आणि ती गुरगुर लावून टाकली. संध्याकाळी लोकांनी पाहिलं ते असं, की आजोबा घरात नाहीत, छोटी अभ्यास करतेय, आणि बिगुल भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोवर गुरगुरतोय.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पत्रांचा पाऊस पडला. म्हाताऱ्याने काय केलंय ते सांगा. छोटीच्या आईचं खरं काय झालं? आमचा मुलगा म्हणतो, बिगुलला सगळं माहीत आहे. दिग्दर्शकाने आधी कपाळाला हात लावला, मग पत्रं मोजली, मग वाहिनीच्या साहेबांना ठामपणे सांगितलं, "हे मी पहिल्यापासून ठरवूनच करत होतो." लेखकाला नवा हुकूम गेला. महिनाभरात प्रेमळ आजोबांच्या कपाटात छोटीच्या आईची लपवलेली पत्रं सापडली. ती मेली नव्हतीच. म्हाताऱ्याने तिला हाकललं होतं.

थोरल्यांनी आदळआपट केली, काम सोडायची धमकी दिली, पण करार त्यांनीच वाचून सही केलेला होता. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला माणूस रोज सातला घरोघर शिव्या खाऊ लागला. एका शाळेत थोरले बक्षीस समारंभाला गेले, तेव्हा मागच्या बाकांवरून पोरं गुरगुरली. ही बातमी पेपरात चार ओळींची आली होती. चिमणीने ती कापून चष्म्याच्या डब्यात ठेवली, आणि चष्मा काढताना घालताना दिवसातून दहादा ती वाचायची. दया? नाव काढू नका. रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करताना ती आरशात स्वतःला सांगायची, अजून त्याची मान खाली गेलेली नाही.

एका दुपारी ती एकटीच काम करत होती. पडद्यावर थोरल्यांचा चेहरा, तिच्या हातात पत्र्याचा मग. पाठीमागे दार उघडल्याचं तिला कळलं नाही. वळली तर छोटी उभी. आपल्या वाक्यांसाठी आईबरोबर लवकर आली होती.

"मावशी, बिगुल तू आहेस?"

"आवाजाचा बिगुल मी."

"मग तू आजोबांवर का गुरगुरतेस?"

"मी नाही गुरगुरत. बिगुल गुरगुरतो."

छोटीने जरा विचार केला. "पण सेटवर बिगुल आजोबांच्या पायावर झोपतो. दोन्ही बिगुल. दुपारी आजोबा त्यांना आपली बिस्किटं देतात." तिचा 'र' अजून निघत नव्हता, आणि तरी ते बोलणं ऐकत राहावंसं वाटत होतं. चिमणीच्या कानाने ते ताबडतोब टिपलं, आणि तिला आणखीनच राग आला. "जा, आई शोधत असेल," ती म्हणाली.

छोटी गेली आणि अर्थातच तिने थोरल्यांना सांगितलं. आठ वर्षांच्या पोराच्या पोटात काय राहणार?

मालिकेत खलनायक झालेल्या माणसाला शेवट द्यावा लागतो, तसा तो लिहिला गेला. आजोबा अंथरुणाला खिळतात, छोटीची माफी मागतात, आणि बिगुल येऊन त्यांच्या हातावर हनुवटी टेकवतो. कागदावर लिहिलं होतं, 'बिगुल कण्हतो. त्याने माफ केलं आहे.'

चिमणीने डबिंगच्या दिवशी काचेपलीकडे सांगून टाकलं, "मी गुरगुरणार."

दिग्दर्शक हवालदिल झाला. "बाई, कागदावर स्पष्ट लिहिलंय."

"कुत्र्याला वाचता येत नाही."

थोरले आपली वाक्यं बोलून झाली तरी त्या दिवशी गेले नाहीत. पहिल्या दिवशी होते तिथेच, शेजारच्या माइकसमोर उभे राहिले. माइक सुरूच होते. काचेपलीकडच्या चौघांना शब्द न् शब्द ऐकू जात होता. तीच माणसं, तीच खोली.

"छोटीने सांगितलं मला," ते म्हणाले. "गुरगुर तुमची आहे."

"माझीच."

"मला चार वर्षांचा नातू आहे. महिना झाला, मी गेलो की तो आतल्या खोलीत पळतो आणि दार लावून घेतो. त्याला सगळ्यांनी समजावलं, की ते खोटं असतं, आजोबा नाटक करतात. तो म्हणतो, आजोबा नाटक करतात, पण बिगुल नाटक करत नाही." त्यांनी माइकच्या दांड्यावर हात ठेवला. "आता मुलगाच म्हणतो, बाबा, थोडे दिवस येऊ नका."

चिमणीला आतून ऊब आली. खोटं कशाला सांगू? ज्या घासाची ती चार महिने वाट बघत होती, तो तोंडाशी आला होता.

"तुम्ही आज कण्हलात," थोरले म्हणाले, "तर तो बघेल. बिगुलने माफ केलं, तर तो करेल. एवढंच करा. पण मला सांगा, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

तिने सांगितलं. शब्दाला शब्द, त्यांच्याच सुरात, म्हातारीच्या सोंगापासून भुंकायच्या वयापर्यंत. थोरल्यांनी प्रामाणिकपणे कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला.

"मी असं बोललो?" ते म्हणाले. "बोललो असेन. मला आठवत नाही हो."

चार महिने तिने ज्याच्यासाठी झोप घालवली, ते त्या माणसाच्या लक्षातही नव्हतं. चिमणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने हातातला मग खाली ठेवला, माइककडे तोंड केलं आणि म्हणाली, "मी परत येईन. दार लावू नका."

आवाजात एका दिवसाचाही फरक नव्हता. थोरल्यांचा हात माइकच्या दांड्यावर होता, तो तसाच राहिला. काचेपलीकडे कानसेनने कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.

"तो... तो मुलगा होता ना?" थोरले म्हणाले.

"मी होते."

त्यांची मान खाली गेली. चिमणीने ती जाताना पाहिली. इथे तिने थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण ती थांबली नाही; हसण्याचा हिशेब अजून राहिला होता.

"तुम्हाला माफी हवी असेल, तर बिगुलचं तुम्ही करा," ती म्हणाली. "माइक समोर आहे. भुंकायला वय आड येत नाही."

दिग्दर्शक काहीतरी बोलायला उठला. थोरल्यांनी हाताने त्याला खाली बसवलं. चष्मा काढून खिशात ठेवला. "कसं करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याला कुणी शिकवलं?"

पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा सिनेमातला बाप रडतो तसं झालं. चिमणी म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्यांदा आवाज फाटला. "पुन्हा." प्रत्येक वेळी ती काचेकडे बघायची. आता हसतील, आता कुणीतरी फुसकन हसेल. दिग्दर्शक जमिनीकडे बघत होता. कानसेनने यंत्रात डोकं खुपसलं होतं. सत्तरीचा माणूस घामाने निथळत कुत्र्यासारखं रडायचा प्रयत्न करत होता, आणि त्या खोलीत कुणालाही हसू येत नव्हतं. तिला स्वतःलाही येईना. तरी ती म्हणत राहिली, "पुन्हा."

नवव्या वेळी थोरल्यांनी डोळे मिटले. पडद्याकडे पाहिलंच नाही. कुठल्या दारासमोर ते उभे होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. श्वास आत गेला आणि त्याबरोबर एक बारीक, तुटका आवाज निघाला. आधी थांबला, मग पुन्हा निघाला. आठ दिवस जोडे शिवणाऱ्याच्या पायरीवर बसून चिमणीने जो आवाज शोधला होता, आणि जो तिला कधीच सापडला नव्हता, तो हा होता.

"पुन्हा," ती म्हणाली.

"बाई," हेडफोनमधून कानसेनचा आवाज आला. "पुरे. झालंय."

थोरल्यांनी चष्मा घातला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. ते चालताना खुर्च्या सरकल्या नाहीत, कुणी उठलं नाही. चिमणी तो पत्र्याचा मग हातात घेऊन उभी राहिली. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

शेवटचा भाग शुक्रवारी लागला. दोघी बहिणी सात वाजता बसल्या. आजोबांनी डोळे मिटले, बिगुलने हातावर हनुवटी टेकली आणि तो आवाज आला. गल्लीत इतकी शांतता होती, की शेजारच्या घरातून तोच आवाज भिंतीतून पुन्हा ऐकू आला. मग पाटी आली. दिग्दर्शकाने काय विचार केला कोण जाणे, पण तीस वर्षांत पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली: 'बिगुलचा आवाज', आणि खाली चिमणीचं पूर्ण नाव.

ताईने चष्मा काढून डोळे पुसले. ती कधी मालिका बघून रडत नसे.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "इतके दिवस तुला बोलले नाही. ते कुत्रं मला कधी कुत्रं वाटलंच नाही. कुणीतरी माणूस डूख धरून बसलंय, असंच वाटायचं. आज पहिल्यांदा जमलं गं तुला. आजचं तुझं काम म्हणजे..." आणि तिला शब्दच सापडेना. टेलिफोनवर तीस वर्षं कधी शब्द न अडलेली ताई, लहान बहिणीचा हात धरून नुसती मान हलवत राहिली.

चिमणीने तोंड उघडलं. ते माझं नव्हतं, एवढंच तर सांगायचं होतं. पण तीस वर्षांत ताईने तिचा हात असा धरला नव्हता. तिने तोंड मिटलं, दात आवळले. ताईने उठून टीव्ही बंद केला आणि दिवा लावला, आणि मग चमकून मागे वळून बघितलं.

"काय गं," ती म्हणाली, "आता कुणावर गुरगुरतेस? संपली ना मालिका."